शुष्क प्रदेशातील गाडली गेलेली पुरानदीपात्रे आणि खनिज अन्वेषण : ऑस्ट्रेलियाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगूर्ली येथे १८९३ मध्ये सोन्याचा शोध लागला आणि अल्पावधीतच त्या निर्जल प्रदेशात हजारो माणसांची वस्ती उभी राहिली. पिण्याचे पाणी मात्र तेथे नव्हते. खाऱ्या सरोवरांतील व विहिरींतील पाणी लाकडाच्या जाळावर उकळून त्याची वाफ थंड केली जाई आणि अशा रीतीने मिळालेले पाणी लोक विकत घेत. अखेर १९०३ मध्ये पर्थजवळील धरणातून पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या नळाने गोडे पाणी तेथे पोहोचविण्यात आले. विशेष म्हणजे याच प्रदेशाच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नद्यांची पात्रे पाण्याने भरलेली होती. ते पाणी समुद्राच्या पाण्याहूनही अधिक खारे असल्याने पिण्यास निरुपयोगी ठरले. पुढे सोन्याच्या खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांनी तेच उपसून वापरले.

अशा लुप्त व गाळाखाली दडलेल्या पात्रांना 'पुरानदीपात्रे' म्हणतात. सोने, युरेनियम, लोहखनिज यांसारख्या खनिजांच्या शोधात त्यांना मोठे महत्त्व आले आहे. त्यांच्याकडे केवळ खनिजांचा साठा म्हणून पाहिले जाते, तेव्हा एक मूलभूत गोष्ट नजरेआड होते. नदी पृष्ठभागावरून नाहीशी झाली, तरी तिच्या पात्रातील भूजलाचे कार्य थांबलेले नसते. खनिज तेथे आणणारे, साठविणारे आणि त्याचा माग दाखविणारे माध्यम पाणी हेच असते. म्हणून या पात्रांतील खनिज अन्वेषण हे मूलतः भूजलाचे अध्ययन ठरते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने विषयाचे विवेचन केले आहे.

पुरानदीपात्रांची जडणघडण

पश्चिम ऑस्ट्रेलियाचा यिलगार्न हा भूभाग प्रामुख्याने अडीच अब्ज वर्षांहून जुन्या ग्रॅनाइट व हरिताश्म खडकांचा बनलेला आहे. इओसीन काळात, म्हणजे सुमारे ४ ते ५ कोटी वर्षांपूर्वी, ऑस्ट्रेलिया खंड अंटार्क्टिकापासून विलग होत होता आणि त्याच्या दक्षिण भागातील हवामान उष्ण व आर्द्र होते. त्यापूर्वीच कोरल्या गेलेल्या रुंद दऱ्यांतून नद्या वाहत होत्या. तळाशी वाळू व गोटे, त्यावर कुजलेल्या वनस्पतींचे लिग्नाइटयुक्त थर आणि त्यावर चिकणमाती अशा क्रमाने या दऱ्या भरत गेल्या. काही ठिकाणी या भरावाची जाडी शंभर मीटरहून अधिक आहे.

सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीपासून हा खंड क्रमाक्रमाने कोरडा होऊ लागला. प्रवाह क्षीण झाले आणि पात्रांची साखळी तुटून तिचे रूपांतर खाऱ्या सरोवरांच्या मालिकेत झाले. आज नकाशावर एकापुढे एक दिसणारी लेफ्रॉय, कॅरी यांसारखी सरोवरे म्हणजे जुन्या नद्यांच्या मार्गावरील अवशेष होत. भूभाग अत्यंत सपाट व भूवैज्ञानिकदृष्ट्या स्थिर असल्याने हा भराव धुऊन गेला नाही. त्यामुळे एवढ्या प्राचीन नद्यांचा आराखडा तेथे टिकून राहिला.

खनिजसंचयाच्या तीन प्रक्रिया

पहिली प्रक्रिया यांत्रिक स्वरूपाची आहे. डोंगरातील खडक झिजल्यावर सोन्याचे जड कण प्रवाहाबरोबर येतात आणि वेग मंदावताच पात्राच्या तळाशी, गोट्यांच्या फटींत बसतात. कालगूर्लीच्या ईशान्येकडील कनोना येथे १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशाच गाडल्या गेलेल्या पात्रातील सोन्यासाठी खाणकऱ्यांची झुंबड उडाली होती.

दुसरी प्रक्रिया रासायनिक असून ती युरेनियमच्या बाबतीत स्पष्ट दिसते. ऑक्सिजनयुक्त पाण्यात युरेनियम षट्संयुजी अवस्थेत असते आणि कार्बोनेटच्या साहाय्याने सहज विरघळते. ग्रॅनाइटमधून झिरपणारे पाणी ते अल्प प्रमाणात बरोबर घेते. असे पाणी पुरानदीपात्रातील वाळूतून वाहत असताना लिग्नाइट किंवा पायराइट यांच्या संपर्कात आले, की त्यातील ऑक्सिजन संपतो, युरेनियमचे क्षपण होऊन ते चतुःसंयुजी बनते आणि अविद्राव्य होऊन वाळूच्या कणांभोवती साचते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बेव्हर्ली (शोध १९६९) आणि हनीमून (शोध १९७२) हे साठे अशा क्षपणाचे फलित आहेत.

तिसरी प्रक्रिया बाष्पीभवनाची आहे. यिलगार्नच्या उत्तर भागात उथळ भूजल संथपणे वाहते व तीव्र उन्हामुळे त्यातील क्षार घट्ट होत जातात. तेथे पात्राच्या वरच्या भागात चुनखडीचे कठीण कंकरयुक्त थर तयार होतात. त्यांना कॅल्क्रीट म्हणतात. याच ठिकाणी युरेनियम, व्हॅनेडियम व पोटॅशियम एकत्र येऊन कार्नोटाइट हे पिवळे खनिज बनते. त्यासाठी क्षपणाची आवश्यकता नसते. १९७२ मध्ये शोध लागलेला यिलिरी येथील साठा या प्रकारचा असून तो सुमारे ९ किलोमीटर लांब, पण अवघा काही मीटर जाड व पृष्ठभागालगत आहे.

अन्वेषणाच्या दृष्टीने हा भेद निर्णायक असतो. क्षपणजन्य साठा शोधताना भूजलातील ऑक्सिजन कोठे संपत गेला असेल हे पाहावे लागते, तर कॅल्क्रीटमधील साठा शोधताना भूजल कोठे वर येऊन आटत गेले हे पाहावे लागते. प्रश्नाचे रूप निराळे असले, तरी दोन्ही ठिकाणी शोध पाण्याच्या वाटचालीचाच असतो.

दडलेले पात्र शोधण्याच्या पद्धती

नोव्हेंबर १९८१ मध्ये अमेरिकी अंतराळयानावरील रडारने पूर्व सहारातील वाळूखाली दडलेल्या नदीमार्गांची चित्रे टिपली, तेव्हा वैज्ञानिक जगतात मोठे कुतूहल निर्माण झाले. सुमारे २३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारलहरी अतिशय कोरड्या वाळूच्या थरातून आरपार गेल्या होत्या. ऑस्ट्रेलियात मात्र ही पद्धत सर्वत्र चालत नाही, कारण तेथील माती व भूजल खारे असून ओलसर, क्षारयुक्त थर रडारलहरी शोषून घेतात.

हाच क्षार दुसऱ्या पद्धतीला उपकारक ठरतो. विमानातून करावयाच्या विद्युतचुंबकीय सर्वेक्षणात तारेच्या मोठ्या वेटोळ्यातून विद्युतप्रवाह सोडून तो एकाएकी बंद केला जातो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीत भोवऱ्यांसारखे प्रवाह उत्पन्न होतात व काही सहस्रांश सेकंदांत क्षीण होतात. त्यांच्या क्षीण होण्याच्या गतीवरून निरनिराळ्या खोलींवरील थरांची विद्युतवाहकता काढता येते. खाऱ्या पाण्याने भरलेला गाळ भोवतालच्या ताज्या ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी अधिक वाहक असतो, त्यामुळे पात्राचा मार्ग नकाशावर उमटतो. येथे सावधगिरीही आवश्यक असते. चिकणमाती आणि खारे पाणी मुरलेला, कुजलेला ग्रॅनाइट हेही वाहक असतात. म्हणून केवळ वाहकता पाहून पात्राचा निष्कर्ष काढता येत नाही.

यासाठी अन्य पुरावे जोडून पाहतात. ग्रॅनाइटची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.६७ ग्रॅम, तर सैल गाळाची सुमारे २ ग्रॅम असते. म्हणून पात्रावर गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरते. जमिनीच्या नैसर्गिक सूक्ष्म कंपनांवरूनही गाळाच्या जाडीचा अंदाज करता येतो. गाळातील आडव्या कंपनलहरींचा वेग सेकंदाला ४०० मीटर व अनुनादाची वारंवारता १ हर्ट्झ आढळली, तर वेगाला वारंवारतेच्या चौपटीने भागून सुमारे १०० मीटर जाडी निघते. याखेरीज रात्रीच्या औष्णिक उपग्रहचित्रांत ओलसर गाळाचे तापमान भोवतालच्या खडकांहून निराळे दिसते आणि भूउंचीच्या संगणकीय प्रतिमानांवरून सपाट दरीतळ वेगळे काढता येतात.

विंधन आणि परीक्षण

अखेरचा निर्णय विंधनछिद्रच देते. छिद्रात गॅमा किरणांचे मापन करून युरेनियमचा अंदाज घेतात, परंतु यात एक सूक्ष्म अडचण आहे. मोजले जाणारे गॅमा किरण बहुतांशी युरेनियमचे नसून त्याच्या क्षयमालिकेतील बिस्मथ-२१४ यांसारख्या घटकांचे असतात. पूर्ण समतोल प्रस्थापित होण्यास सुमारे १० लक्ष वर्षे लागतात. दरम्यान भूजलाने युरेनियम पुढे वाहून नेले व क्षयजन्य घटक मागे राहिले, तर गॅमा मापन युरेनियम नसलेल्या जागी साठा असल्याचे दर्शवील आणि प्रत्यक्ष साठ्याचे मूल्य कमी दाखवील. यावर उपाय म्हणून छिद्रात न्यूट्रॉन सोडून युरेनियम-२३५ च्या विखंडनातून निघणारे न्यूट्रॉन मोजतात. त्यामुळे युरेनियमचे प्रमाण प्रत्यक्ष कळते. कोट्यवधी वर्षांच्या पात्रातही पाणी आजपर्यंत खनिज हलवीत आले आहे, हे या अडचणीतूनच सिद्ध होते.

खडतर भूप्रदेशात वरचे आवरण किती फसवे असते, याचे उदाहरण बेव्हर्लीच्या परिसरातच मिळते. १९६९ मध्ये बेव्हर्लीचा साठा सापडला, तरी तेथून काही किलोमीटर अंतरावरील फोर माइल हा साठा हाती लागण्यास २००५ साल उजाडावे लागले.

पाणी, उत्खनन आणि जीवसृष्टी

बेव्हर्ली येथे २०००–०१ पासून स्वस्थानी निक्षालन पद्धतीने युरेनियम काढण्यास आरंभ झाला. या पद्धतीत खड्डा खणला जात नाही. सल्फ्युरिक आम्ल व ऑक्सिडीकारक मिसळलेले भूजलच विहिरींतून थरात सोडतात आणि युरेनियम विरघळलेले द्रावण दुसऱ्या विहिरींतून उपसतात. निसर्गाने क्षपणाने जे थिजविले, ते पुन्हा ऑक्सिडीकरणाने विरघळविणे असे याचे सार आहे. पृष्ठभागाची हानी कमी होते, हा त्याचा गुण होय. परंतु त्याचा परिणाम संपूर्णपणे भूजलावर होतो आणि वापरलेले द्रव त्याच जलधारक थरात परत सोडले जात असल्याने त्यावर दीर्घकाळ वाद झाला. तेथील पाणी मुळातच खारे व किरणोत्सर्गी असल्याने पशूंच्याही उपयोगाचे नाही, ही समर्थकांची बाजू होती. थरातील पाणी इतरत्र जाणार नाही याची खात्री कशी द्यावी, हा विरोधकांचा प्रश्न होता.

यिलिरीची कथा अधिक बोलकी आहे. कॅल्क्रीटच्या भेगांतील भूजलात सूक्ष्म कवचधारी जीव राहतात आणि यिलगार्नच्या कॅल्क्रीटमध्ये अंध, पंखहीन पाणकिड्यांच्याही अनेक प्रजाती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उजेडात आल्या. खंड कोरडा होत गेला तसे त्यांचे पूर्वज भूगर्भात उतरले. प्रत्येक कॅल्क्रीट क्षेत्र इतरांपासून तुटलेल्या बेटासारखे असल्याने अनेक प्रजाती एकाच क्षेत्रापुरत्या मर्यादित आहेत. ज्या संथ भूजलाने कार्नोटाइट घडविले, त्यानेच हा अधिवासही घडविला. म्हणून खनिज आणि जीव एकाच जागी आढळतात.

२०१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने भूमिगत जीवांच्या काही प्रजाती नष्ट होण्याच्या धोक्यावरून यिलिरीची खाण मंजूर करू नये, अशी शिफारस केली. तरीही राज्य शासनाने जानेवारी २०१७ मध्ये, तर संघशासनाने २०१९ मध्ये मंजुरी दिली. त्जिवार्ल मूलनिवासी स्त्रियांनी व पर्यावरण संघटनेने राज्याच्या मंजुरीस न्यायालयात आव्हान दिले, परंतु त्यांना यश आले नाही. विहित मुदतीत काम सुरू न झाल्याने मुदतवाढ मागण्यात आली. ती २०२२ मध्ये राज्य शासनाने नाकारली. अन्वेषणाने साठ्याची लांबी, जाडी व प्रत ठरविली होती. त्या भेगांतील जीवांची गणना मात्र खाणीचा प्रस्ताव आल्यानंतरच गांभीर्याने झाली.

भारतीय संदर्भ

भारतात थरच्या वाळवंटातील घग्गर-हाक्रा पात्राचा अभ्यास एकोणिसाव्या शतकापासून होत आला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे पात्र सतलजच्या पूर्वीच्या मार्गाचे असून सतलजने ते सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी सोडले. यिलगार्नच्या तुलनेत हा काळ अगदी अलीकडचा असल्याने तेथील वाळूत काही ठिकाणी गोडे पाणी मिळते आणि या पात्रांचे प्रमुख मोल पाणी हेच ठरते. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या हेलिकॉप्टरमधून होणाऱ्या विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाचा ऑक्टोबर २०२१ मध्ये जोधपूर येथून आरंभ झाला, तो शुष्क प्रदेशातील भूजलाच्या नकाशांकरिता. म्हणजे ऑस्ट्रेलियात युरेनियमचा माग काढणारे तंत्र येथे विहिरीची जागा दाखविण्यासाठी वापरले जात आहे.

खनिजसंचयाचे रसायनशास्त्रही येथे निराळ्या रूपात भेटते. राजस्थान व गुजरातमधील अनेक विहिरींच्या पाण्यात युरेनियमचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला ३० मायक्रोग्रॅम या मर्यादेहून अधिक असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ऑक्सिजन व बायकार्बोनेट असलेले पाणी युरेनियम विरघळवून नेते, हाच त्यामागील एक प्रमुख नियम आहे. तो खाणीसाठी साठा घडवितो, तसाच पिण्याच्या पाण्यात दोष उत्पन्न करतो.

समारोप

गाडल्या गेलेल्या नदीच्या अन्वेषणात भूशास्त्र, भौतिकी, रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांचा एकत्रित विचार अपरिहार्य आहे. वाहकतेचा नकाशा पात्र दाखवितो, क्षपणाचा सिद्धांत साठ्याची जागा सुचवितो आणि विंधनछिद्र त्याची परीक्षा घेते. परंतु या प्रत्येक टप्प्यावर जे मोजले जाते, ते पाण्याने केलेले कार्य असते. त्यामुळे पाण्याची गुणवत्ता, त्याची गती व त्यातील जीवसृष्टी यांच्या नोंदी खनिजाच्या नोंदींबरोबर पहिल्या विंधनछिद्रापासूनच घेतल्या जाणे आवश्यक आहे. शुष्क प्रदेशात पृष्ठभागावरील नदी एकदाच हरवलेली असते. भूगर्भात उरलेली नदी काय वाहते आहे हे जाणून घेतल्यानंतरच तिच्यातून काय काढावयाचे, याचा निर्णय होणे उचित ठरेल.