केंब्रिज टू बनारस, व्हाया गणित

पंचविशी गाठायच्या आत केंब्रिजची डिग्री, शिवाय तिथलं मानाचं रॅले प्राइज. पुढे काय? माझ्या ग्रुपमधल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल : तिथेच सेटल! कोल्हापूरच्या विष्णू वासुदेव नारळीकरांनी १९३२ मध्ये नेमकं उलटं केलं. मदनमोहन मालवीयांनी बोलावलं आणि ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रोफेसर झाले.

नारळीकर म्हटलं की आपल्याला जयंतराव आठवतात. हे त्यांचे वडील. विषय होता आइनस्टाइनची सापेक्षता, म्हणजे गणिताच्या भाषेतलं फिजिक्स. तेव्हा सगळं ग्लॅमर क्वांटम मेकॅनिक्सकडे होतं, सापेक्षतेच्या वाटेला फारसं कुणी जात नव्हतं. त्या काळात बनारसमध्ये मात्र या विषयाची एक शाळाच उभी राहिली.

तिथे १९४२ मध्ये प्र. चु. वैद्य हा गुजराती तरुण सरांकडे आला. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये दिलेलं उत्तर होतंच. पण त्यात ताऱ्याबाहेर सगळी पोकळी धरलेली. खरा तारा तर प्रकाश फेकतो, म्हणजे ऊर्जा गमावतो, म्हणजेच वस्तुमानही! मग त्याचं गणित काय? सरांनी हा प्रश्न त्याच्या हाती दिला. वैद्य जेमतेम दहा महिने तिथे राहिले आणि १९४३ मध्ये उत्तर छापूनही आलं. आज जगभर ते 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखलं जातं.

पण लगेच टाळ्या? छे! युद्धाचे दिवस, त्यात पेपर भारतीय जर्नलमध्ये. १९६३ मध्ये क्वेसारचा शोध लागला, तेव्हा कुठे जगाचं नीट लक्ष गेलं. तब्बल वीस वर्षांनी!

घरीही हाच खाक्या. भिंतीवर फळा होता. एम.एस्सी. करायला आलेला मामा त्यावर छोट्या जयंतसाठी 'चॅलेंज प्रॉब्लेम' लिहायचा आणि तो सुटेपर्यंत फळा पुसायचा नाही. हाच मुलगा पुढे केंब्रिजला गेला आणि १९७२ मध्ये भारतात परतला.

स्वतः सरांनी १९६० मध्ये बनारस सोडलं. राजस्थान लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळून १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्रोफेसर म्हणून पुन्हा फळ्यासमोर उभे राहिले. १९९१ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं.

केंब्रिज सोडून सरांचं काही गेलं नसेल, असं मी म्हणणार नाही. पण मला भावतं ते वेगळंच. आपण सीव्हीमध्ये स्वतः सोडवलेले प्रश्न लिहितो. या माणसाच्या सीव्हीतली एक भारी एन्ट्री मात्र त्यांनी दुसऱ्याला दिलेल्या प्रश्नाची आहे. पुढच्या अप्रेझलला बॉसने 'यंदा काय केलंस?' असं विचारलं, तर बघा, असं काही सांगता येतंय का!