एका फेल्ट हॅटची कुळकथा

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने भगतसिंगांवर एकांकिका बसविली. मला राजगुरूंची भूमिका मिळाली. भूमिका म्हणजे काय, तर पहिल्या प्रवेशात वळकटी डोक्यावर घेऊन इतरांच्या मागून चालायचे! भगतसिंग झालेल्या मित्राची सारी भिस्त हॅटवर होती आणि कपडेपटवाल्याने भाड्याने पाठविली ती नेमकी सोला हॅट. तालमीला बसलेले इतिहासाचे सर म्हणाले, "अरे, ही भेंडाची टोपी. ही घालून तुमचा नायक लाहोरच्या स्टेशनावर नव्हे, वाघाच्या मागे जाईल. फेल्ट हॅट आणा. फेल्ट कशाला म्हणतात, ठाऊक आहे का?" आम्ही एकमेकांची तोंडे पाहिली. त्या ओशाळेपणातून हा लेख जन्माला आला आहे.

फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. आपल्याकडे घोंगडी मागावर विणतात. बुरणूस किंवा जेन मात्र लोकर पसरून, भिजवून, दाबून आणि लाटून एकजीव करतात. फेल्टचे तत्त्व तेच. लोकरीच्या केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की हे केस एकमेकांत अडकतात ते पुन्हा सुटत नाहीत. गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा होतो, तोही याच न्यायाने. उत्तम हॅटसाठी मात्र मेंढीची लोकर चालत नाही. त्यासाठी सशाची किंवा बीव्हर नावाच्या जलचर प्राण्याची आतली मऊ लव लागते. या बीव्हरच्या कातड्यांसाठी युरोपचे व्यापारी उत्तर अमेरिकेच्या जंगलांत शिरले. १६७० साली स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीचा मुख्य व्यापार तोच होता. टोपीपायी एवढा खटाटोप!

कारखान्यात ही लव छिद्रांच्या शंकूवर उडवितात आणि आतून हवा ओढून घेतात, म्हणजे ती शंकूला चिकटून बसते. वरून गरम पाणी सोडतात. निघालेली ढगळ टोपी पुन्हा पुन्हा वाफाळून, दाबून आटवितात. मग ती लाकडी ठोकळ्यावर ताणून डोक्याचा आकार देतात, कडेला इस्त्री करतात, बाहेरून रेशमी फीत आणि आतून घाम टिपणारी चामड्याची पट्टी लावतात.

वरच्या भागाला मधोमध लांबट खळगा, पुढे दोन्ही बाजूंना चिमटा आणि मऊ, रुंद कड, अशा हॅटला 'फेडोरा' म्हणतात. हे नाव नाटकातून आले, हे वाचून मला तर आनंदच झाला. १८८२ साली पॅरिसमध्ये व्हिक्तोरियन सार्दू यांचे 'फेडोरा' नाटक रंगभूमीवर आले. नायिका राजकन्या फेडोरा. भूमिका सारा बर्नहार्टची. तिच्यामुळे ही मऊ हॅट आधी बायकांत लोकप्रिय झाली आणि पुरुषांनी ती नंतर उचलली. पुरुषी रुबाबाची ही खूण मुळात एका नटीची देणगी आहे, हे आमच्या मित्राला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हिची धाकटी बहीण 'ट्रिल्बी'. हिची कड अरुंद आणि मागून वर वळलेली. तिचे नावही जॉर्ज द्यु मोरिए यांच्या १८९४ च्या कादंबरीवरून आणि तिच्यावर बेतलेल्या नाटकावरून पडले. इटलीतील अलेस्सांद्रिया गावी जुझेप्पे बोर्सालिनो यांनी १८५७ साली काढलेला कारखाना पुढे इतका गाजला, की त्यांचे आडनावच हॅटचे नाव होऊन बसले. १९४२ च्या 'कासाब्लांका' चित्रपटातला हम्फ्री बोगार्ट आठवा; ओव्हरकोट, तिरकी हॅट आणि अर्धा चेहरा सावलीत.

पण या रुबाबाची किंमत कोणी मोजली? सशाची लव नीट गुंतावी म्हणून ती पूर्वी पाऱ्याच्या नायट्रेटने माखीत. माखल्यावर लवेची टोके गाजरासारखी नारिंगी होत, म्हणून इंग्रजीत या कामाचे नावच गाजरावरून पडले. पुढे गरम वाफेबरोबर पारा उडे आणि कोंदट कारखान्यात कामगारांच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात ढिले होत, माणूस भित्रा आणि चिडका बने. अमेरिकेतील डॅनबरी हे हॅटचे गाव. तिथे या थरथरीला गावाचेच नाव मिळाले. 'टोपीवाल्यासारखा वेडा' हा इंग्रजी वाक्प्रचार आपण थट्टेने वापरतो. अमेरिकेत टोपीच्या फेल्टसाठी पारा वापरणे १९४१ साली थांबले. तोवर किती जणांचे हात कापत राहिले असतील!

आता आमच्या प्रवेशाकडे वळतो. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सचा वध झाला. गुप्त पोलीस दाढीफेट्यातल्या शीख तरुणाच्या शोधात होते. भगतसिंगांनी केस कापले, दाढी काढली, ओव्हरकोटाची कॉलर वर केली आणि फेल्ट हॅट घातली. सोबत पत्नी म्हणून दुर्गाभाभी आणि त्यांचा लहानगा मुलगा. पहिल्या वर्गाच्या डब्याशी साहेबी हॅटवाल्याला कोण हटकणार? साहेबाची टोपी साहेबाच्याच पोलिसांना भोवली. मागून सामान घेऊन नोकर चालला होता. तो म्हणजे खेडचा शिवराम हरी राजगुरू. साँडर्सवर पहिली गोळी झाडणारा हा वीस वर्षांचा मराठी तरुण नोकरांच्या डब्यात बसून गेला. पुढे एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीच्या काश्मीरी गेटजवळच्या एका स्टुडिओत भगतसिंगांनी हॅट घालून फोटो काढून घेतला. तोच आज घराघरांत दिसतो. ८ एप्रिलला ते असेंब्लीत होते.

पुढे १९६० च्या सुमारास युरोप-अमेरिकेतही हॅट मागे पडली. बुटक्या छपराच्या मोटारी आणि केसांची नवी वळणे हिला मानवली नाहीत.

आम्हाला हॅट अखेर एका वर्गमित्राच्या आजोबांच्या ट्रंकेत सापडली. खरी फेल्ट, कड थोडी कसरीने खाल्लेली. ती नायकाच्या कानांवर येत होती. सरांनी आतली चामड्याची पट्टी उलटली आणि तिच्यामागे वर्तमानपत्राची घडी घातली. हॅट बरोबर बसली. पडदा वर गेला आणि मी वळकटी उचलली.