चेर्नोबिलचं दूध

‘अणुभट्टी’ हा शब्द दिसला की आपल्यापैकी बऱ्याचजणी पान उलटतात. तो विषय शास्त्रज्ञांचा, फार तर घरातल्या पुरुषमंडळींच्या वादाचा, असं आपण धरूनच चालतो. पण २६ एप्रिल १९८६ रोजी युक्रेनमधल्या चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली, तेव्हा आसपासच्या मुलांना सर्वांत जास्त भोवलं ते घरच्या गायीचं ताजं दूध! म्हणजे विषय आपल्या स्वयंपाकघरातलाच की नाही?

स्फोट झाला रात्री दीडच्या सुमारास. जवळच प्रिप्यात नावाचं शहर होतं. वस्ती पन्नास हजारांच्या आतबाहेर, बहुतेक सगळी त्या वीजकेंद्रातल्या कामगारांची तरुण कुटुंबं. उजाडल्यावर, शनिवारी, तिथली मुलं शाळेत गेली, बाया भाजी आणायला बाहेर पडल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी दुपारी बसगाड्या आल्या आणि ‘तीन दिवसांपुरतं सामान घ्या’ असं सांगून सगळ्यांना हलवण्यात आलं. ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत. जगाला बातमी कळली तीही २८ तारखेला, स्वीडनमधल्या एका अणुवीजकेंद्रातल्या धोक्याच्या घंटा वाजल्या म्हणून.

आता दुधाकडे येऊ. भट्टीतून जे द्रव्य बाहेर उडालं, त्यात किरणोत्सर्गी आयोडीन होतं. वाऱ्याबरोबर ते पसरलं, पावसाबरोबर खाली उतरलं, कुरणांवर बसलं. गाय दिवसभरात केवढ्या तरी जागेवरचं गवत खाते, आणि त्यावरचं आयोडीन दिवसा-दोन दिवसांत तिच्या दुधात उतरतं. आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला तर आयोडीन हवंच असतं. आलेलं आयोडीन चांगलं की वाईट, हे तिला ओळखता येत नाही. ती ते साठवून ठेवते. त्यात त्या भागातल्या लोकांच्या आहारात आयोडीन मुळात कमी, म्हणजे ग्रंथी अगदी आसुसलेली. लहान मुलाची ग्रंथी इवलीशी आणि दूध मात्र मोठ्यांपेक्षा जास्त! मोठ्या माणसाच्या ग्रंथीत जो किरणोत्सार पसरून जातो, तो मुलाच्या ग्रंथीत एकवटतो.

आपण दूध तापवतो, दोन उकळ्या आणतो आणि निर्धास्त होतो. पण उकळल्यानं जंतू मरतात, किरणोत्सार मरत नाही. त्याच्यावर उपाय एकच, वेळ. या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. म्हणजे आठ दिवसांनी ते निम्मं होतं, सोळा दिवसांनी पाव. अडीच-तीन महिने गेले की नावालाही उरत नाही. त्या दुधाची भुकटी किंवा चीज करून ठेवलं असतं, तर काही महिन्यांनी आयोडीनची भीती राहिली नसती. मुलांना पहिले काही आठवडे ते दूध द्यायचं नाही, एवढंच करायचं होतं. खेड्यापाड्यांतल्या आयांना ते वेळेवर कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी आपल्या हातांनी मुलांपुढे पेले धरले. मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत जास्त लागतं.

शेजारच्या पोलंडनं काय केलं पाहा. २९ एप्रिललाच तिथे मुलांना साधं, निरुपद्रवी आयोडीन पाजायचं ठरलं. ग्रंथी आधीच भरली की वाईट आयोडीनला आत जागाच नाही. एक कोटीहून अधिक मुलांना काही दिवसांत ते कडू औषध पाजलं गेलं, आणि लहानग्यांसाठी दुधाची भुकटी वाटली गेली.

इकडे बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या लागलेल्या भागात चार-पाच वर्षांत मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग दिसू लागला. एरवी मुलांमध्ये हा रोग क्वचितच आढळतो. २००५ पर्यंत अशा रुग्णांची संख्या सहा हजारांवर गेली. अपघाताच्या वेळी ही सगळी अठरा वर्षांच्या आतली मुलं होती. त्यातल्या त्यात दिलासा इतकाच, की हा कर्करोग बहुधा बरा होतो. त्या वेळपर्यंत दगावलेल्यांची नोंद पंधरा आहे. पण गळ्यावर शस्त्रक्रियेचा आडवा व्रण आणि जन्मभर रोज एक गोळी. त्या व्रणाला तिकडे लोक ‘चेर्नोबिलचा हार’ म्हणतात. वयात आलेल्या मुलीला गळ्यात असा हार घेऊन वावरताना काय वाटत असेल, ते आपल्याला सांगायला नको.

आयोडीन गेलं, पण सीझियम राहिलं. त्याचं अर्धायुष्य तीस वर्षांचं. भट्टीजवळचं पाइनचं जंगल तर तेव्हाच जळाल्यासारखं तांबडं होऊन मेलं. लोक त्याला ‘लाल जंगल’ म्हणू लागले. सीझियम पोटॅशियमची नक्कल करतं, म्हणून झाडं ते खुशाल शोषून घेतात. शेतजमीन नांगरली, खत घातलं की ते पुष्कळ आटोक्यात येतं. जंगलात मात्र पान गळतं, कुजतं, पुन्हा झाडात जातं, असं ते फिरतच राहतं. अळंबी आणि रानफळांत ते जास्त. जर्मनीतल्या बव्हेरियात अळंबी उकरून खाणाऱ्या रानडुकरांचं मांस इतक्या वर्षांनंतरही तपासून घ्यावं लागतं. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या काही मेंढपाळांवरचे निर्बंध २०१२ मध्ये उठले, म्हणजे सव्वीस वर्षांनी! (अळंबी खारवलेल्या पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिलं, तर सीझियम बरंच कमी होतं. इथे मात्र आपली उकळायची युक्ती चालते.)

आपल्याकडेही हे प्रकरण आलं होतं, लोण्याच्या रूपानं. युरोपातून भेट म्हणून आलेल्या आयर्लंडच्या लोण्यावरून मुंबईत वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९८८ मध्ये ते लोणी खायला सुरक्षित ठरलं. घरी लोणी काढणाऱ्या बाईला यातलं मर्म चटकन कळेल. सीझियम पाण्यात विरघळतं, स्निग्धात नाही. दूध घुसळलं की ते ताकात राहतं, लोण्यात फारसं उतरत नाही. जर्मनीत तर चीज करताना निघालेल्या निवळीच्या भुकटीत ते इतकं साठलं, की पाच हजार टन भुकटी रेल्वेच्या वाघिणींत भरून ठेवावी लागली. कुठलंच गाव ती घ्यायला तयार नव्हतं.

भीतीनं केलेलं नुकसान वेगळंच. ग्रीसमध्ये चेर्नोबिलमुळे लोकांना बसलेली किरणोत्साराची मात्रा थोडीच होती. तरीही कित्येक गरोदर बायकांना वाटलं, की आता मूल व्यंग घेऊन येणार. काही डॉक्टरांनीही त्यांना तसाच सल्ला दिला. सुमारे अडीच हजार हवी असलेली बाळं तिथे गर्भपातानं गेली, असा अंदाज १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मात्रेनं गर्भाला इजा होण्याचं काही कारणच नव्हतं. पुढे २०२१ साली, चेर्नोबिलच्या सफाईत राबलेल्या आणि तिथून हलवलेल्या आईबापांच्या मुलांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांतही नेहमीपेक्षा जास्त बदल आढळले नाहीत. त्या अडीच हजार घरांत ही बातमी कशी वाचली गेली असेल!

२०११ च्या मार्चमध्ये जपानच्या फुकुशिमाचा अपघात झाला. तिथे दूध आणि पालेभाज्या लवकर अडवल्या गेल्या, त्यामुळे मुलांच्या ग्रंथीत गेलेलं आयोडीन चेर्नोबिलच्या मानानं पुष्कळ कमी भरलं. त्याच आठवड्यात चीनमध्ये लोकांनी दुकानातलं आयोडीनयुक्त मीठ भराभर संपवलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं परवा विचारलंच, “बाई, आपल्या घरी तर तेच मीठ आहे, मग आपल्याला काय भीती?” आम्ही फळ्यावर गणित मांडलं. आपल्या मिठात किलोमागे कमीत कमी पंधरा मिलिग्रॅम आयोडीन असतं. बचावाच्या एका गोळीत शंभराच्या आसपास. म्हणजे एका गोळीची बरोबरी करायला सहा-सात किलो मीठ खायला हवं. वर्ग हसला. रोजच्या आमटीतलं मीठ गलगंड टाळण्यासाठी आहे आणि त्या कामाला ते पुरेसं आहे. त्या गोळ्या मात्र आपल्या मनानं घ्यायच्या नसतात. अपघात झाल्यावर, सरकारी सूचना आली तरच आणि सांगितलेल्या वेळीच घ्यायच्या.