एकट्याचा गेम स्टुडिओ : हिशेब पैशाआधी महिन्यांचा

व्हिडिओ गेम तयार करून विकायचा, तर पूर्वी मोठी कंपनी, महागडी यंत्रसामग्री आणि खेळाच्या तबकड्या दुकानांपर्यंत पोहोचविणारा वितरक लागत असे. आता एक चांगला संगणक आणि इंटरनेटची जोडणी असली, की एकटा माणूसही आपला खेळ जगभर विकू शकतो. त्यामुळे नोकरी सोडून स्वतःचा स्टुडिओ थाटण्याचा विचार अनेक तरुण अभियंते आणि चित्रकार करू लागले आहेत. मात्र, या व्यवसायात साधने स्वस्त झाली असली, तरी वेळ स्वस्त झालेला नाही. खेळ पूर्ण होईपर्यंत घरखर्च कसा भागणार, या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच दिवशी द्यावे लागते.

काही महिन्यांची झाली साडेचार वर्षे

या क्षेत्रात नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सिएटल परिसरातील एरिक बॅरोन. संगणकशास्त्राची पदवी २०११ मध्ये मिळाल्यावर मनासारखी नोकरी न लाभल्याने त्याने सरावासाठी शेतीवर आधारित एक छोटा खेळ हाती घेतला. काही महिन्यांत संपेल असे वाटलेले काम सुमारे साडेचार वर्षे चालले. कथा, संवाद, चित्रे, संगीत आणि प्रोग्रॅमिंग हे सारे त्याने एकट्याने केले. चित्रे तर अनेकदा पुसून नव्याने काढली. या काळात तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना आसने दाखविण्याचे अर्धवेळ काम करीत होता आणि घरखर्चाचा मोठा भार त्याच्या जोडीदाराने उचलला होता. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा तो खेळ २६ फेब्रुवारी २०१६ रोजी बाजारात आला. डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. या यशाची चर्चा सर्वत्र होते. पण त्याआधीची साडेचार वर्षे कोणाच्या आधारावर निघाली, हे त्याचे अनुकरण करू पाहणाऱ्याने अधिक बारकाईने पाहायला हवे.

साधने हाताशी, गर्दीही मोठी

खेळातील हालचाल, प्रकाश, ध्वनी यांची मूलभूत यंत्रणा पुरविणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘गेम इंजिन’ म्हणतात. ‘गोडो’ हे इंजिन पूर्णतः मोफत आहे. ‘अनरियल’ वापरून केलेल्या खेळाची एकूण मिळकत १० लाख डॉलरच्या पुढे जाईपर्यंत त्याच्या कंपनीला स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात खेळ ठेवण्याचे शुल्क १०० डॉलर असून, विक्री १,००० डॉलरवर गेली की तेही परत मिळते.

दार असे सर्वांना खुले असल्याने गर्दीही तेवढीच आहे. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले. म्हणूनच खेळाचे पान विक्रीच्या कितीतरी आधी उघडून इच्छुकांची नोंद घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. शेवटच्या आठवड्यात सुरू केलेली प्रसिद्धी बहुधा कोणाच्या नजरेस पडत नाही.

साधे गणित

समजा, पुण्यात राहणाऱ्या एखाद्या तरुणाचा सर्व खर्च दरमहा ४० हजार रुपये आहे. खेळाला तीन वर्षे लागली, तर हा खर्च १४ लाख ४० हजारांवर जातो. खेळाची किंमत ५०० रुपये ठेवली आणि दुकानाने आपला ३० टक्के वाटा घेतला, तर प्रत्येक प्रतीमागे ३५० रुपये उरतात. म्हणजे केवळ झालेला खर्च भरून निघण्यासाठी सुमारे ४,१०० प्रती विकल्या गेल्या पाहिजेत. कर, सवलती आणि ग्राहकांना परत करावे लागणारे पैसे यांचा यात समावेश नाही. हाच खेळ एका वर्षात आटोपला, तर सुमारे १,४०० प्रती पुरतात. खेळाचा आवाका बेताचा ठेवणे हा त्यामुळे कलेइतकाच पोटापाण्याचाही प्रश्न ठरतो.

यासाठी आधी खेळाचा एकच छोटा, खेळता येईल असा भाग तयार करून तो अनोळखी लोकांच्या हाती द्यावा. मित्र आणि नातेवाईक कौतुक करतात. अनोळखी माणूस कंटाळला, की खेळ बंद करतो आणि त्यातूनच खरी उणीव कळते.

कागदोपत्री सुरुवात करण्यास वैयक्तिक मालकीचा व्यवसाय पुरेसा असतो. मात्र त्यात व्यवसायाचे कर्ज मालकाच्या खासगी मालमत्तेवरही येते. कंपनी कायदा, २०१३ नुसार एकाच व्यक्तीला ‘एकल व्यक्ती कंपनी’ स्थापन करता येते. तिच्यात ही जबाबदारी मर्यादित राहते, पण हिशेब आणि विवरणपत्रांचा व्याप वाढतो.

एकट्याऐवजी छोटा चमू उभा केला, म्हणजे पैशाचा प्रश्न सुटतो असेही नाही. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ या खेळासाठी २०१७ मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. ती अपेक्षित रकमेपर्यंत पोहोचली नाही. तरीही काम चालू राहिले आणि २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. या वाटेवर पाऊल ठेवणाऱ्याने नोकरीचा राजीनामा लिहिण्यापूर्वी आपल्यापाशी किती महिन्यांची शिदोरी आहे, ते मोजावे आणि खेळ तेवढ्याच महिन्यांत बसेल असा बेतावा.