जबाबदार राहणार नाही

“समजा, मांडवाचा वासा निसटला आणि खालून जाणारं कोणी जखमी झालं. पहिलं काय कराल?”

“दवाखान्यात नेणार.”

“बरोबर. मग?”

“मग काय ताई, त्याच्या घरच्यांना गाठायचं. हात जोडायचे. चुकलं आमचं म्हणायचं.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. “तेवढं म्हणायचं नाही, अण्णा.”

मोशीजवळचं पत्र्याचं गोदाम, श्रावणातली दुपार. मागच्या भिंतीला बांबूंची रास, तिच्या शेजारी पाण्याच्या पिंपात भिजत घातलेला काथ्या. त्या ओल्या काथ्याचा, काहीसा शेणामातीसारखा वास गोदामभर पसरलेला. अण्णा गेली बावीस वर्षं मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात आहेत. ताई विमा एजंट आहेत. अण्णांच्या टेम्पोचा आणि घरच्या मेडिक्लेमचा विमा त्यांच्याकडेच असतो. आज मात्र त्या आल्या होत्या ते वेगळ्याच कामासाठी. चाकणच्या एका कारखान्यात गणपतीचा मांडव घालायचा होता आणि कारखान्याच्या खरेदी विभागाने वर्क ऑर्डरसोबत एक अट पाठवली होती: ५० लाखांची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी जोडल्याशिवाय गेटच्या आत बांबूसुद्धा येणार नाही.

“५० लाख,” अण्णा म्हणाले. दुपारभरात ते हा आकडा निदान दहा वेळा म्हणाले असतील. कधी हसून, कधी भीतीने, एकदा तर थट्टेने त्याला ‘साहेब’ लावून.

या व्यवहाराची उत्सुकता वाटली ती एका पाटीमुळे. अण्णांच्या फाटकावर लाल अक्षरांत लिहिलंय: ‘वाहने आपल्या जबाबदारीवर लावावीत. नुकसानीस मालक जबाबदार राहणार नाही.’ अशी पाटी नाही असं मंगल कार्यालय, खानावळ किंवा क्लास महाराष्ट्रात सापडणं कठीण. छोट्या धंद्याने पिढ्यान्‌पिढ्या काढलेला विमा तो हाच. हप्ता एकदाच भरायचा, तोही रंगाऱ्याला.

ही पाटी फार कामाची नाही, हे दिल्लीतल्या एका मारुती झेनमुळे पुरतं स्पष्ट झालं. १९९८ साली ताजमहाल हॉटेलात आलेल्या पाहुण्याने गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली. रात्री तो परत आला तोवर गाडी दुसराच पाहुणा घेऊन गेला होता. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. विमा कंपनीने गाडीमालकाला पैसे दिले आणि मग ती हॉटेलच्या मागे लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९च्या नोव्हेंबरात निकाल आला. गाडी ताब्यात घेतली की ती सांभाळण्यात हयगय झाली नाही हे हॉटेलने दाखवायचं, स्वतःची हयगय छापील ओळीच्या आड लपवता येत नाही, असा त्याचा अर्थ. ताईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा अण्णांनी फाटकाकडे पाहिलं. “मग ती पाटी काढू का?” “राहू द्या,” ताई म्हणाल्या, “शोभेला.”

गोदामाच्या मधोमध नमुन्याची कमान उभी राहत होती. तिच्या टोकावर एक मुलगा बसला होता, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, उदगीरकडचा. एक पाय आडव्या बांबूला वेढलेला, दुसरा मोकळा लोंबता. काथ्याची लड कंबरेला खोचलेली. दोन बांबू जिथे एकमेकांवर येतात तिथे तो चार वेढे घाली, पाचवा आडवा, मग टोक दातात धरून ओढी. खाली काय चाललंय त्याकडे त्याचं लक्ष नाही असं वाटत होतं. पण तसं नव्हतं.

ताई फॉर्म भरत होत्या. वार्षिक उलाढाल, कामाचं स्वरूप, कामाच्या जागा, मांडवाखाली एका वेळी किती माणसं येतात. यात वेळ गेला नाही. वेळ गेला तो ५० लाख म्हणजे नेमके कशाचे, हे समजावण्यात.

ही पॉलिसी अण्णांच्या सामानाची नाही. मांडव जळाला तर तिच्यातून पै मिळणार नाही, त्यासाठी आगीचा विमा वेगळा. टेम्पोने कुणाला धडक दिली तर तेही गाडीच्या विम्यात. गिऱ्हाइकाने सांभाळायला दिलेला जनरेटर बिघडला तर तो अण्णांच्याच ताब्यात होता, म्हणून बाहेर. आत येतो तो फक्त ‘तिसरा’ माणूस: अण्णांच्या कामामुळे ज्याच्या अंगाला किंवा मालमत्तेला इजा झाली आणि कायद्याने ज्याला भरपाई द्यावी लागेल, असा. वकिलाचा खर्चही बहुधा त्याच ५० लाखांतून जातो. एका अपघाताला मर्यादा किती आणि सगळ्या वर्षाला मिळून किती, हे दोन आकडे वेगळे लिहितात. एकास एक, एकास दोन असं करत ते एकास चारपर्यंत वाढवता येतं. कारखान्याच्या पत्रात नुसतंच ‘५० लाख’ होतं. लिहिणाऱ्यालाही हा फरक ठाऊक नसावा.

“५० लाखांत माणसं किती बसतात?” अण्णांनी विचारलं.

प्रश्न चमत्कारिक वाटतो, पण बिनबुडाचा नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत १३ जून १९९७ रोजी ५९ जणांचा जीव गेला. भरपाईचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो २०११ साली. वीस वर्षांवरच्या मृतांमागे १० लाख, त्याखालच्यांमागे साडेसात लाख. त्या हिशेबाने अण्णांच्या ५० लाखांत पाच मोठी माणसं बसतात. आणि चौदा वर्षं वाट पाहण्याची तयारी असावी लागते, कारण विमा कंपनी दोष सिद्ध झाल्यावर देते किंवा दोष ठरेल असं दिसल्यावर तडजोड करते.

दोष सिद्ध न करता भरपाई, असाही एक कायदा आपल्याकडे आहे. भोपाळच्या १९८४च्या वायुगळतीनंतर, १९९१ साली तो झाला. नावही जवळपास हेच, पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स अॅक्ट. पण तो घातक रसायनं ठरावीक प्रमाणाबाहेर हाताळणाऱ्यांपुरता आहे, आणि त्याने माणसाच्या मृत्यूला ठरवलेली तातडीची मदत होती २५ हजार रुपये. २५ हजार! बांबूच्या धंद्याला तो लागूही होत नाही. मांडववाला, केटरर, जिमवाला, पाळणाघरवाली यांनी घ्यायची पॉलिसी ऐच्छिक असते. ऐच्छिक म्हणजे कुणीतरी मोठ्याने मागितल्याशिवाय कुणी घेत नाही. ताईही ते मान्य करतात. हप्ता लहान, त्यामुळे कमिशन लहान आणि समजावणं दीड तासाचं.

मोठ्यांचं वेगळं आहे. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचं जीएसबी सेवा मंडळ २०२५च्या गणेशोत्सवात ४७४ कोटी ४६ लाखांच्या विम्यामुळे बातम्यांत झळकलं. पण त्यातले ३७५ कोटी स्वयंसेवक, पुजारी, आचारी अशा मंडळासाठी राबणाऱ्यांच्या वैयक्तिक अपघाताचे होते. बाहेरच्या माणसासाठीचा सार्वजनिक दायित्वाचा भाग ३० कोटींचा. म्हणजे त्या मंडळाने आधी आपली माणसं मोजली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण अण्णांच्या गोदामात क्रम उलटा होता.

शेजारच्या गाळ्यातला केटरर मध्येच येऊन बसला. त्याला हे सगळं अनावश्यक वाटत होतं. सिलिंडरचा विमा असतोच की, कंपनी देते! असतो, ताई म्हणाल्या. तेल कंपन्यांनी काढलेल्या पॉलिसीत गॅसच्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख मिळू शकतात. पण मालमत्तेचं नुकसान २ लाखांपर्यंत, तेही ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरचं. “तुमचा पत्ता गाळ्याचा. तुम्ही तळता लॉन्सवर.” केटररने चहा संपवला आणि तो गेला. त्याने फॉर्म मागितला नाही.

अण्णांना मात्र टाळून चालणार नव्हतं. शिवाय त्यांना किवळे आठवत होतं. १७ एप्रिल २०२३च्या वादळी पावसात तिथे रस्त्याकडेचं होर्डिंग कोसळलं आणि पाच जण दगावले. पावसापासून वाचायला ती माणसं त्याच्याच आडोशाला थांबली होती. “आडोशाला आलेली माणसं,” अण्णा म्हणाले. “आपल्या मांडवातही तशीच येतात. पाऊस आला की रस्त्यावरचं सगळं आत.”

इथे ताई पुन्हा त्या पहिल्या मुद्द्यावर आल्या. अपघात झाला की कंपनीला ताबडतोब लेखी कळवायचं. जखमीला दवाखान्यात न्यायचं, त्यात काहीच चूक नाही. पण कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, परस्पर मिटवायचं नाही. पॉलिसीच्या इंग्रजी कागदात ती अट आहे. तिच्यामागचं कारण उघड आहे: पैसे कंपनीचे, तेव्हा दोष कबूल करायचा की लढायचं हे कंपनी ठरवणार.

कारण कळतं, तरी पटायला जड जातं. दोन वर्षांपूर्वी अण्णांचा लाइटचा स्टँड बँडवाल्याच्या खांद्यावर पडला होता. अण्णांनी त्याच रात्री दवाखान्याचं बिल भरलं, दुसऱ्या दिवशी फळं घेऊन गेले, महिनाभराची मजुरी दिली आणि त्याच्या बायकोला साडी नेली. तो बँडवाला आजही त्यांच्याकडे येणाऱ्या लग्नांत वाजवतो. अण्णांच्या जगात अपघात असा मिटतो. पॉलिसीच्या भाषेत यातली प्रत्येक गोष्ट अटीचा भंग ठरली असती, साडीसकट.

“हे फॉर्ममध्ये लिहायचं का?” अण्णांनी विचारलं. फॉर्ममध्ये मागच्या वर्षांतल्या घटनांचा रकाना होता.

“लिहायचं. लपवलं तर पुढे तेच अंगाशी येईल.” ताईंनी लिहिलं. त्या ओळीत साडी आली नाही.

हप्ता आधी भरायचा, कारण १९३८च्या विमा कायद्यानुसार तो हातात आल्याखेरीज कंपनीची जोखीम सुरू होत नाही. नूतनीकरण चुकवायचं नाही. बऱ्याच पॉलिसींत अपघातही त्या मुदतीत आणि दावाही त्या मुदतीत लागतो. खंड पडला की मागचे दिवस हातचे जातात. अण्णांनी मोबाइलमध्ये तारखेचा गजर लावला. यूपीआयने पैसे गेले.

तेव्हा वरून आवाज आला.

“अण्णा, त्या ५० लाखांत मी किती?”

वेढे थांबले होते. कमानीवरचा मुलगा खाली पाहत होता, दातात अजून काथ्याचं टोक. अण्णांनी ताईंकडे पाहिलं.

“तू त्यात नाहीस,” ताई म्हणाल्या. आवाज मुद्दाम साधा ठेवून. “तू अण्णांचा माणूस. ही बाहेरच्यांची.”

मुलगा हसला आणि पुन्हा वेढे घालू लागला. म्हणजे त्याच्या हातून निसटलेला बांबू खालून जाणाऱ्याला लागला तर ५० लाखांची सोय आहे, आणि बांबूबरोबर तो स्वतः खाली आला तर या कागदात त्याच्यासाठी काही नाही. मालकाने कामगाराला भरपाई द्यावी असा कायदा आपल्याकडे १९२३ सालीच झाला. त्याची पॉलिसी वेगळी मिळते. चाकणच्या पत्रात ती मागितलेली नव्हती, आणि म्हणून गोदामात तिचा विषय निघाला नव्हता.

ताईंनी पिशवीतून दुसरा फॉर्म काढला. आणलेलाच होता. अण्णा म्हणाले, आता गणपतीच्या तोंडावर नको, दिवाळीनंतर बघू. ताई म्हणाल्या, मांडव दिवाळीनंतर घालणार आहात का? त्यावर अण्णांपाशी उत्तर नव्हतं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“माणसं किती?”

“सहा.”

कमानीच्या पायथ्याशी चपला होत्या. वर चढणारे अनवाणी चढतात. ताईंनी नुसती त्या दिशेने मान वळवली आणि ओठांतल्या ओठांत मोजल्या. नऊ जोड.

अण्णांनीही मोजल्या. मग वर पाहिलं.

“नऊ लिहा,” ते म्हणाले. “पण पगार हजेरीपटावरचाच लिहा.”