कसूर कोणाचा, कारण कोणते?

चाकणच्या तळेगाव चौकात सायंकाळी पाळी सुटण्याच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता यांच्या त्या छेदावर कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, कांद्याचे टेम्पो, दुचाक्या आणि हातात डब्याची पिशवी धरून पलीकडे जाऊ पाहणारे कामगार हे सारे एकाच रस्त्यावर आपापला वाटा मागत असलेले दिसतात, आणि भोसरीपासून खेडपर्यंतच्या या पट्ट्यात कोठेही अपघात घडला, की चहाच्या टपरीवर आणि कचेरीच्या व्हरांड्यात सारखाच निकाल ऐकू येतो : ‘चालवणाऱ्याची चूक, त्याला रस्ता काय करणार?’ हे वाक्य मी इतक्या वेळा, आणि इतक्या सुविद्य माणसांच्या तोंडून ऐकले आहे, की त्याचा एकदा सविस्तर परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते. रस्त्यांच्या सुरक्षा-परीक्षणाची गरजच हे वाक्य मुळातून नाकारते, आणि ज्या घरात मृतदेह आला त्या घराच्या माथी दोषही ठेवून मोकळे होते.

या समजुतीच्या पाठीशी एक आकडाही उभा केला जातो : नव्वद टक्क्यांहून अधिक अपघात मानवी चुकीमुळे होतात. ज्या अभ्यासाचा दाखला याकरिता जगभर दिला जातो, तो अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांचा १९७९चा अहवाल आहे. त्यात मानवी घटक सुमारे ९३ टक्के अपघातांत आढळला, हे खरे. परंतु त्याच अहवालात रस्ता व भोवतालची परिस्थिती हा घटक सुमारे ३४ टक्के अपघातांत, आणि वाहनातील दोष सुमारे १३ टक्के अपघातांत आढळला, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. या तिन्हींची बेरीज १४० होते. ती शंभरावर जाते याचा अर्थ सरळ आहे : एकाच अपघाताला अनेक कारणे असतात, आणि माणसाची चूक सापडली म्हणजे रस्त्याचा दोष आपोआप खारीज होत नाही. पहिला आकडा उचलून उरलेले दोन गाळायचे, आणि त्या अर्धवट हिशेबावर लोकांच्या जिवाचे धोरण ठरवायचे, ही पद्धत मला अक्षम्य वाटते.

गोंधळाचे मूळ असे की, आपण दोन निराळ्या प्रश्नांना एक समजतो. पंचनामा आणि फिर्याद यांचा प्रश्न ‘कसूर कोणाचा’ हा आहे. कायद्याला गुन्हेगार निश्चित करावा लागतो, विम्याच्या दाव्याला जबाबदार पक्ष लागतो, आणि त्या कामासाठी तो प्रश्न योग्यच आहे. परीक्षणाचा प्रश्न वेगळा आहे : ही चूक याच ठिकाणी पुनःपुन्हा का होते? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार, सुमारे ५०० मीटरांच्या ज्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, अथवा एकूण १० मृत्यू घडतात, तो टप्पा अपघातप्रवण स्थळ, म्हणजे ‘ब्लॅक स्पॉट’, मानला जातो. आता विचार करावा, की जळगावचा ट्रकचालक, बिहारचा कंत्राटी मजूर आणि मोशीची शिक्षिका, ज्यांचा स्वभाव, वाहन व वेळ यांपैकी काहीच सारखे नाही, ती एकाच ५०० मीटरांत एकाच प्रकारे चुकत असतील, तर त्या सर्वांत समान असलेली वस्तू कोणती? ती जागाच होय.

उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीचेच उदाहरण घेऊ. कारखान्याचे फाटक महामार्गाच्या एका अंगास, कामगाराची खोली दुसऱ्या अंगास, आणि दुभाजकातील कायदेशीर वळण समजा दीड किलोमीटर पुढे असेल, तर नियम पाळणाऱ्यास रोज तीन किलोमीटरांचा वळसा पडतो. सेवा रस्ता असेल तर त्यावर ट्रेलर उभे असतात. अशा ठिकाणी शेकडो माणसे कडेकडेने उलट येणार, हे नकाशावर बोट ठेवून आधीच सांगता येते. जे आधीच सांगता येते त्याला केवळ बेशिस्त म्हणून कसे भागेल? ती त्या आराखड्याची निष्पत्ती आहे. दंडाची पावती फाडल्याने दीड किलोमीटर कमी होत नाही.

हे मला या पट्ट्यातील माणसांना समजावून सांगावे लागते याचे विशेष दुःख होते, कारण हेच तत्त्व ती फाटकाच्या आत रोज आचरतात. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याचे दोन्ही हात दोन बटणांवर असल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये अशी योजना आपण करतो. ‘बोटे सांभाळ’ अशी पाटी लावून थांबत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालणे मालकावर बंधनकारक केले, ते कामगार कधीतरी थकणार, त्याचे लक्ष कधीतरी विचलित होणार, हे गृहीत धरूनच. सुटा भाग उलटा बसूच नये अशा रचनेला जपानी पद्धतीने ‘पोका-योके’ म्हणतात, हे चाकणच्या असेंब्ली लाइनवरील नवा मुलगासुद्धा सांगेल. तोच मुलगा रात्रपाळी संपवून बाहेर पडला, की मात्र त्याने क्षणभरही चुकता कामा नये, अशी आपली अपेक्षा असते. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले, त्याचा गाभा हाच आहे : माणूस चुकणारच, परंतु चुकीची शिक्षा मृत्यू होऊ नये अशी रस्त्याची घडण असली पाहिजे.

याने मद्यपी चालकाचा गुन्हा धुतला जातो काय? मुळीच नाही. शिक्षा त्याला व्हावीच. पण दुभाजकाचे उघडे टोक झाकले, तर मद्यपीच्या गाडीत बसलेला निरपराधही वाचतो.

मग परीक्षक करतो काय? ज्यांनी रस्ता आखला वा बांधला त्यांच्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांचा चमू आराखड्याच्या अवस्थेपासून वाहतूक सुरू होईपर्यंत, आणि चालू रस्त्यावर पुढेही, दिवसा आणि रात्री स्वतः फिरून पाहतो : वळणापुढचे दिसते काय, पट्टे आणि रिफ्लेक्टर अंधारात उमटतात काय, क्रॅश बॅरियरचे टोक गाडीत भाल्यासारखे घुसेल काय, बसथांब्यावर उतरलेला माणूस पुढचे पाऊल कोठे टाकतो. यासाठीची नियमपुस्तिका इंडियन रोड्स काँग्रेसने २०१० मध्ये प्रसिद्ध केली व २०१९ मध्ये सुधारली. १९२७ साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, आणि त्या समितीच्या शिफारशींतूनच १९३४ साली ही काँग्रेस जन्मास आली, हे पुण्याच्या परिसरातील वाचकांस ठाऊक असावे.

परिणामाचा पुरावा हवा असेल त्याने किवळ्याला येऊन मिळणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे पाहावे. तेथे २०१६ मध्ये १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्र कंपनी यांनी महामार्ग पोलिसांसह हाती घेतलेल्या उपक्रमात धोक्याच्या जागा एकेक शोधून दुरुस्त करण्यात आल्या, आणि २०१९ मध्ये ही संख्या ९२ वर आली. यात पोलिसी अंमलबजावणीचा व त्वरित वैद्यकीय मदतीचाही वाटा होता, तो मी नाकारत नाही. पण चालक तर तेच होते, त्याच गावांचे.

इतर गैरसमज थोडक्यात उरकतो. ‘खड्डे बुजवले की रस्ता सुरक्षित’ : मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,६८,४९१ अपघाती मृत्यूंपैकी खड्ड्यांमुळे झालेले १,८५६ नोंदले आहेत, खड्डे बुजवावेतच, पण शंभरातील जवळजवळ नव्व्याण्णव मृत्यूंचे कारण अन्यत्र आहे. ‘वळणे घातकी, सरळ रस्ता निर्धोक’ : त्याच अहवालात दोन-तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावरचे आहेत. ‘रुंद केला की प्रश्न सुटला’ : रुंद रस्ता वेगाला आमंत्रण देतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणांतिक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, शिवाय पायी ओलांडणाऱ्याचे अंतरही वाढते. ‘गतिरोधक टाका’ : प्रमाणित गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांबीचा, सौम्य चढाचा असतो. रातोरात घातलेला डांबराचा वरवंटा स्वतःच अपघातस्थळ होतो. ‘पादचारी पूल बांधला, आता लोकच वापरत नाहीत’ : बारा तास उभे राहून काम केलेल्या बाईला दोन जिने चढायला लावणारा पूल तिच्यासाठी नसून गाड्यांच्या सोयीसाठी बांधलेला असतो. आणि ‘लेखापरीक्षण’ या शब्दामुळे हे काम खर्चाच्या तपासणीचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांना सांगायचे ते इतकेच, की यात रुपयाचा हिशेब कोठेही नाही.

शेवटचा गैरसमज मात्र सरकारी दफ्तरात अधिक आढळतो : परीक्षण झाले, म्हणजे काम झाले. परीक्षण ही केवळ दोषांची यादी होय. त्या यादीतील प्रत्येक शिफारशीवर रस्त्याच्या मालक-खात्याने ‘मान्य’ वा ‘अमान्य’ असे सकारण लेखी उत्तर द्यावयाचे असते, आणि मान्य केलेले मुदतीत पुरे करावयाचे असते. चाकणसारख्या ठिकाणी राष्ट्रीय महामार्ग, राज्याचे बांधकाम खाते, औद्योगिक विकास महामंडळ आणि नगरपरिषद यांच्या हद्दी काही पावलांच्या अंतराने बदलतात, त्यामुळे उत्तर कोणी द्यायचे येथेच फाइल अडते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १९८-अ रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत वा देखभालीत मानकांची हेळसांड करून मृत्यू अथवा अपंगत्व ओढवणाऱ्या यंत्रणेस, सल्लागारास आणि कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. तेव्हा आपल्या चौकासंबंधी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करणाऱ्याने एक नव्हे, दोन कागद मागावेत : परीक्षणाचा अहवाल, आणि त्यावर खात्याने दिलेले कलमवार उत्तर.