छातीचा सीटी स्कॅन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोविडच्या साथीत ‘एचआरसीटी’ (छातीचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन) आणि त्याचा ‘स्कोअर’ हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला या तपासणीचे कमाल दर २,००० ते ३,००० रुपये असे ठरवून द्यावे लागले. साथ ओसरली, गैरसमज मात्र राहिले.

गैरसमज: सीटी केला की रोगाचं नाव कळतं.
वस्तुस्थिती: सीटी फुप्फुसातला बदल दाखवतो, तो कोणत्या जंतूमुळे झाला हे खात्रीने सांगत नाही. कोविडचा २५ पैकी स्कोअर म्हणजे फुप्फुस किती बाधित झालं याचा अंदाज होता. निदान आरटीपीसीआरसारख्या चाचण्यांनीच व्हायचं. क्षयाची शंकाही स्कॅनवरून येते, पण खात्रीसाठी बेडका तपासावा लागतो.

गैरसमज: छातीचे सगळे सीटी सारखेच.
वस्तुस्थिती: एचआरसीटीत साधारण एक मिलिमीटर जाडीचे काप दिसतात. फायब्रोसिससारख्या (फुप्फुस कडक होण्याच्या) आजारांत तो उपयोगी पडतो आणि त्याला सहसा कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं द्रव्य) लागत नाही. फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकल्याचा संशय असेल, तर मात्र शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन सीटी अँजिओग्राफी करतात; साध्या स्कॅनमध्ये ती गुठळी सहज निसटू शकते. मूत्रपिंडाचा आजार, कॉन्ट्रास्टची पूर्वीची अ‍ॅलर्जी किंवा गर्भारपण असेल, तर आधीच सांगा.

गैरसमज: गाठ दिसली म्हणजे कर्करोगच.
वस्तुस्थिती: बहुतेक लहान गाठी निरुपद्रवी असतात, अनेकदा त्या जुन्या संसर्गाच्या खुणा असतात. धोका कमी असलेल्या व्यक्तीत सहा मिलिमीटरहून लहान गाठ आढळली, तर बहुधा पुन्हा स्कॅनही लागत नाही.

गैरसमज: एका सीटीने कर्करोग होतो; किंवा, कितीही केले तरी काही होत नाही.
वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चुकीची. छातीच्या सीटीत सुमारे ६ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो; निसर्गातून तेवढा मिळायला दोन-अडीच वर्षं लागतात. एका स्कॅनचा धोका अल्प आहे, पण विनाकारण केलेल्या प्रत्येक स्कॅनने त्यात भर पडते.

गैरसमज: खबरदारी म्हणून सगळ्यांनीच वर्षाला एक करावा.
वस्तुस्थिती: २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात एक्स-रेच्या तुलनेत कमी मात्रेच्या सीटीने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण त्यात सहभागी झालेले सगळे दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेले होते, आणि त्यांतही खोट्या धोक्याच्या सूचना पुष्कळ निघाल्या.

स्कॅन लिहून दिला, तर डॉक्टरांना विचारा: यातून नेमकं काय शोधायचं आहे, आणि ते कळल्यावर उपचार बदलणार आहेत का? जुन्या फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्या. तुलनेसाठी ते हाती असले, तर पुढचा एखादा स्कॅन वाचू शकतो.